निवृत्तीची पुंजी आणि सोन्याच्या नाण्याची प्रत

निवृत्तीच्या पुंजीचा काही भाग सोन्यात असावा की नसावा, यावर अमेरिकेत मतभेद आहेत आणि ते राहणारच. सोने व्याज देत नाही, लाभांश देत नाही. १९८० च्या जानेवारीत औंसामागे, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅममागे, ८५० डॉलरवर गेलेला त्याचा भाव १९९९ साली अडीचशे डॉलरच्या आसपास उतरला होता. त्याच सोन्याने २०२५ च्या ऑक्टोबरात चार हजार डॉलरची पातळी ओलांडली. दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर आधार आहे, आणि त्या वादात मला इथे शिरायचे नाही. मला पडलेला प्रश्न त्यापुढचा आहे. ज्याने सोन्याची नाणी घ्यायचे ठरवलेच आहे, त्याने ती निवृत्तीसाठी घेताना ग्रेडिंग झालेली, म्हणजे तज्ज्ञांकडून प्रत ठरवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेली घ्यावीत का? अनेक विक्रेते आग्रहाने ‘हो’ म्हणतात. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते ठामपणे मांडणे मला गरजेचे वाटते, कारण इथे झालेल्या चुकीची किंमत मोजणाऱ्यांकडे ती भरून काढण्याइतकी नोकरीची वर्षे सहसा उरलेली नसतात.

ग्रेडिंगची पद्धत वाईट हेतूने जन्माला आलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेतल्या जुन्या, मोठ्या आकाराच्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी सुचवली. अगदी झिजलेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक मानली तर निर्दोष नाण्याची किंमत सत्तरपट असावी, असा त्यामागचा हिशेब होता. म्हणजे ती मोजपट्टी मुळात त्या काळातल्या एका विशिष्ट नाण्याच्या बाजारभावावर बेतलेली होती. बाजार पुढे बदलला, तो हिशेब लवकरच निरुपयोगी झाला, पण आकडे मात्र टिकले आणि १९७० च्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ते सर्वच अमेरिकी नाण्यांना लागू केले. तरीही प्रत ठरवणारा आणि विकणारा माणूस बहुधा एकच असे. त्यामुळे घेताना ‘६५’ असलेले नाणे विकायला नेले की ‘६३’ होत असे. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी काम सुरू केले ते या दुखण्यावर उपाय म्हणून. विक्रीशी संबंध नसलेल्या परीक्षकांनी नाणे पाहायचे, प्रत ठरवायची, ते डबीत बंद करायचे आणि त्याच्या अस्सलपणाची हमी द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. नाणेसंग्राहकांच्या जगात तिने खरोखर शिस्त आणली.

पण प्रत म्हणजे नेमके काय? चलनात कधीच न आलेल्या नाण्यांना एमएस-६० पासून एमएस-७० पर्यंतचे आकडे दिले जातात. ठसा किती ठळक उमटला आहे, टांकसाळीतली मूळ चकाकी किती शिल्लक आहे, इतर नाण्यांशी घासून किती ओरखडे पडले आहेत आणि नाणे एकंदर डोळ्यांना कसे वाटते, यांचा एकत्रित विचार करून परीक्षक तो आकडा ठरवतात. यातली शेवटची कसोटी तर उघडच रुचीची आहे. अनुभवी परीक्षकांचे मत बहुतेक वेळा जुळते हे खरे, तरी ते मतच असते. व्यापारी एखादे ‘६४’ प्रतीचे नाणे डबी फोडून बाहेर काढतात आणि ‘६५’ मिळेल या आशेने पुन्हा पाठवतात. हा या धंद्यातला नित्याचा प्रकार आहे आणि अनेकदा तो यशस्वीही होतो. नाणे तेच, ओरखडे तेच, आकडा वेगळा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० साली पीसीजीएसच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर, म्हणजे ग्रेडिंग पूर्णतः वस्तुनिष्ठ आणि सातत्यपूर्ण असल्याच्या दाव्यावर होता, आणि ते प्रकरण तडजोडीने मिटले. याउलट नाण्यात ३१.१ ग्रॅम सोने आहे की नाही, यावर जगातल्या कोणत्याही दोन अनोळखी माणसांचे तराजूपुढे एकमत होऊ शकते. निवृत्तीच्या पैशाला मी हीच कसोटी लावतो: जी वस्तू वीस वर्षांनी एखाद्या परक्या माणसाला विकायची आहे, तिची किंमत शक्य तितकी मोजमापावर आणि शक्य तितकी कमी अभिप्रायावर अवलंबून असावी.

आता बाजारात विकल्या जाणाऱ्या नाण्यांकडे पाहू. १९८६ पासून निघणाऱ्या अमेरिकन गोल्ड ईगलच्या एक औंसाच्या नाण्याचे एकूण वजन ३३.९३ ग्रॅम असते. त्यात एक ट्रॉय औंस शुद्ध सोने आणि उरलेले तांबे व चांदी असते. ही नाणी आधुनिक यंत्रांवर आणि मुख्यतः धातू म्हणून विकण्यासाठीच पाडली जातात, त्यामुळे टांकसाळीतून थेट ग्रेडिंगला गेलेल्यांपैकी बहुतेकांना ६९ किंवा ७० हीच प्रत मिळते. ७० म्हणजे पाचपट मोठे करून पाहिले तरी दोष न दिसणारे नाणे. साध्या डोळ्यांना ६९ आणि ७० यांतला फरक दिसत नाही आणि दोन्हींतले सोने गुंजभरही कमीजास्त नसते. तरीही ७० च्या डबीसाठी शेकडो डॉलर अधिक मागितले जातात. शिवाय नाणे बाजारात आल्यापासून साधारण महिनाभरात ते ग्रेडिंगला पोचले तर डबीवर ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीझेस’ असे लेबल मिळते आणि त्याचेही पैसे लागतात. कोणते नाणे आधी पाडले आणि कोणते नंतर, याची नोंद करून आपण ती नाणी वेगळी काढत नाही, असे खुद्द अमेरिकी टांकसाळीने ग्राहकांना सांगितलेले आहे. एवढे माहीत असतानाही त्या लेबलासाठी म्हातारपणाची शिल्लक खर्च करायला कुणाला उद्युक्त करणे मला अन्यायाचे वाटते.

उदाहरणापुरते आकडे घेऊन हिशेब करू. समजा सोन्याचा भाव औंसाला २,००० डॉलर आहे. साधे ईगल २,०८० डॉलरना मिळते आणि व्यापारी ते २,००० ला परत घेतो. तेच नाणे ७० च्या डबीत २,६०० ला मिळते आणि व्यापारी ते २,१०० ला घेतो. साध्या नाण्यात घातलेले पैसे सुटायला सोने ४ टक्के वाढावे लागेल. डबीतल्या नाण्यात मात्र धातूवरचा शंभर डॉलरचा वाढावा कायम राहिला असे धरले, तरी सोने २५ टक्के वाढून २,५०० वर जावे लागेल. सोने दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेले तर पहिल्या माणसाची भरपाई वर्षाच्या आत होते आणि दुसऱ्याला चार वर्षांहून अधिक थांबावे लागते. याहून बोलका आकडा वजनाचा आहे. एक लाख डॉलरमध्ये पहिल्याला ४८ औंस मिळतात, दुसऱ्याला ३८. पुढे भाव दुप्पट होऊन ४,००० झाला तर पहिल्याकडे १,९२,००० डॉलर असतील आणि दुसऱ्याकडे १,५५,८००. सोन्याबद्दलचा दोघांचा अंदाज सारखाच बरोबर ठरला. दुसऱ्याने दहा औंस सोने पहिल्याच दिवशी गमावले होते, एवढाच फरक.

विक्रेत्याचे यावरचे उत्तर ठरलेले असते: धातूवरचा प्रीमियमही, म्हणजे धातूच्या किमतीवर द्यावी लागणारी जादा रक्कमही, वाढतो. कधीकधी तो वाढतोही. पण मग हे उघड म्हणावे की ग्राहक दोन वेगळ्या गोष्टी विकत घेतो आहे, एक सोने आणि दुसरी संग्राहकांची हौस; आणि या दोन्हींचे भाव वेगवेगळ्या कारणांनी हलतात. हौसेचा बाजार किती कोसळू शकतो, हे १९८९ नंतर दिसले. सीलबंद नाणी न पाहता, फोनवरसुद्धा घेता-विकता येतील, या कल्पनेने त्या काळी शेअर बाजारातले पैसे नाण्यांकडे वळले होते. मेरिल लिंच आणि किडर पीबॉडी यांसारख्या पेढ्यांनी दुर्मीळ नाण्यांचे गुंतवणूक निधी काढले होते. १९८९ मध्ये शिखर गाठलेले भाव त्यानंतर काही वर्षे घसरत गेले आणि ज्यांनी त्या शिखरावर उंची प्रतीची नाणी घेतली होती, त्यांच्यापैकी अनेकांना तो भाव पुन्हा दिसलाच नाही. १९०७ ते १९३३ या काळातली, शिल्पकार सेंट-गॉडन्स यांनी घडवलेली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी वीस डॉलरची सोन्याची नाणी ज्या वर्षांची मुबलक आहेत, त्यांच्या बाबतीत तर सोन्याचा भाव कितीतरी पटींनी चढूनही प्रीमियम उलट आक्रसत गेला. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. सोने महाग झाले की संग्राहकाला तेच नाणे हौसेखातर घेणे जड जाते, आणि ज्याच्याकडे ते आधीपासून आहे तो ते विकायला काढतो.

मुबलकतेचा मुद्दा इथे जरा विस्ताराने पाहायला हवा, कारण जुन्या सोन्याच्या नाण्यांची विक्री एका विशिष्ट भीतीच्या आधारावर केली जाते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी ६१०२ क्रमांकाचा आदेश काढून नागरिकांना जवळचे बहुतेक सोने सरकारजमा करायला लावले आणि औंसाला २०.६७ डॉलर दिले. पुढच्या वर्षी सरकारने तोच भाव ३५ डॉलर केला. त्या आदेशातून ‘संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मूल्य असलेली दुर्मीळ आणि असामान्य नाणी’ वगळली होती. यावरून असा युक्तिवाद रचला जातो की सरकार पुन्हा सोने जप्त करील तेव्हा साधी नाणी जातील आणि ग्रेड केलेली जुनी नाणी वाचतील. हा युक्तिवाद दोन ठिकाणी मोडतो. १९३३ मध्ये डॉलर सोन्याशी बांधलेला होता, म्हणून चलनाचा पुरवठा वाढवायला सरकारला सोन्याचा साठा हवा होता. १९७१ मध्ये ते बंधन तुटले आणि १९७४ च्या डिसेंबरअखेर नागरिकांना सोने बाळगण्याची पुन्हा मुभा मिळाली. ज्या गरजेपोटी ती जप्ती झाली, ती गरजच आता उरलेली नाही. दुसरे असे की सूट दुर्मीळ नाण्यांना होती. १९२४ सालच्या सेंट-गॉडन्ससारखी नाणी दोन्ही मोठ्या कंपन्यांनी मिळून लाखांनी प्रमाणित केलेली आहेत. लाखांनी उपलब्ध असलेले नाणे डबीत घातल्याने दुर्मीळ होत नाही, आणि एखाद्या भावी सरकारने तसे मानावे असा कोणताही कायदा आज अस्तित्वात नाही. घाबरलेल्या वृद्ध माणसाला हे कुणी सांगत नाही.

निवृत्ती खात्यांचा कायदा काय म्हणतो, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत वैयक्तिक निवृत्ती खाते, म्हणजे आयआरए, १९७४ च्या कायद्याने आले. १९८१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, असे ठरवले की या खात्यातून संग्राह्य वस्तू घेतली, तर तेवढी रक्कम खातेदाराने काढून घेतली असे समजून तिच्यावर कर लावायचा. १९८६ मध्ये अमेरिकन ईगलला यातून सूट मिळाली आणि १९९७ मध्ये किमान ९९.५ टक्के शुद्धतेच्या सोन्यालाही मिळाली, मात्र ते सोने खात्याच्या विश्वस्ताच्या ताब्यात असले पाहिजे, या अटीवर. म्हणून दक्षिण आफ्रिकेचे बावीस कॅरटचे क्रुगरँड नाणे या खात्यात चालत नाही आणि १९३३ पूर्वीची ती सुंदर अमेरिकी नाणीही चालत नाहीत. आयआरएमार्फत घेतलेली ईगल नाणी स्वतःच्या घरी ठेवणाऱ्या एका महिलेविरुद्ध २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने निकाल दिला आणि ती पूर्ण किंमत करपात्र ठरवली. या तरतुदींमागची भूमिका मला योग्य वाटते. करसवलत म्हातारपणाच्या तरतुदीला आहे, संग्रहाला नाही. ईगल डबीत गेल्याने कायद्यातली त्याची सूट आपोआप जाते असे नाही, पण ग्रेड केलेली नाणी स्वीकारायला अनेक विश्वस्त संस्था तयार नसतात, आणि ज्या तयार असतात त्यांच्यापुढेही मूल्यांकनाची अडचण उभी राहतेच.

ही अडचण खाते उघडताना जाणवत नाही, ती पैसे काढताना जाणवते. पारंपरिक आयआरएमधून ७३ व्या वर्षापासून दरवर्षी किमान ठरावीक रक्कम काढावीच लागते आणि ती खात्याच्या आदल्या वर्षअखेरच्या मूल्यावरून ठरते. साधी तीस ईगल नाणी असतील तर त्यांचे मूल्य त्या दिवशीच्या भावावरून काही मिनिटांत काढता येते आणि त्यांतली कोणतीही दोन विकली तरी उरलेली अठ्ठावीस तशीच राहतात. वेगवेगळ्या प्रतींची आणि लेबलांची तीस नाणी असतील तर प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र. कोणते आधी विकावे, आज त्याला गिऱ्हाईक आहे का, शेवटच्या लिलावातला भाव अजून धरता येईल का, हे प्रश्न ऐंशीच्या घरातल्या माणसापुढे, कदाचित त्याची प्रकृती बिघडलेली असताना, उभे राहतात. निवृत्तीची गुंतवणूक साधी असावी असे मी म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हीच वर्षे असतात.

ग्रेडिंगच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा बनावट नाण्यांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याच्या इतकी जवळ आहे की वरून सोन्याचा थर देऊन वजन आणि आकार दोन्ही जुळवता येतात. पण यावर इलाज नाण्याच्या खरेपणाच्या तपासणीचा आहे, आणि तपासणीसाठी ७० च्या प्रीमियमची गरज नाही. टांकसाळीकडून थेट माल घेणाऱ्या अधिकृत खरेदीदारांच्या साखळीतून नाणे घेतले, अचूक वजन-माप केले आणि विद्युतवाहकता मोजणाऱ्या उपकरणावर ते तपासले, तर साध्या बुलियन, म्हणजे धातू म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाण्याबद्दलची शंका बहुतांशी मिटते. आणि डबी हा काही अंतिम पुरावा नव्हे, कारण आता डब्याही बनावट निघतात. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी आणि छायाचित्राशी ताडून पाहावाच लागतो.

एका परिस्थितीत मात्र मी ग्रेडिंगचा सल्ला आवर्जून देईन. एखाद्याकडे आईवडिलांकडून किंवा आजोबांकडून आलेली जुनी सोन्याची नाणी आहेत आणि निवृत्तीच्या खर्चासाठी ती विकायची आहेत, असे समजा. त्यात एखादे कमी संख्येने पाडलेल्या वर्षाचे किंवा विशिष्ट टांकसाळीच्या खुणेचे नाणे असू शकते, ज्याची किंमत ६२ आणि ६५ या प्रतींमध्ये अनेक पटींनी बदलते. १९३३ सालच्या एका वीस डॉलरच्या नाण्याला २०२१ च्या लिलावात १ कोटी ८९ लाख डॉलर मिळाले. ते टोकाचे उदाहरण सोडून देऊ, पण धातूच्या किमतीच्या तिप्पट-चौपट जाणारी नाणी सामान्य घरांतही सापडतात. अशा वेळी पहिल्या व्यापाऱ्याने वजन करून दिलेला भाव घेणे हे मोठे नुकसान आहे, आणि ग्रेडिंगचे तुलनेने किरकोळ शुल्क हा विक्रीचा वाजवी खर्च आहे. एवढे लक्षात ठेवावे की नाणे पाठवण्यापूर्वी ते स्वच्छ करू नये. घासलेल्या, पॉलिश केलेल्या नाण्याला कंपन्या आकड्याची प्रत देतच नाहीत, ‘डिटेल्स’ असा शेरा मारून ते परत करतात आणि किंमत तिथेच घसरते. वारसांना नाण्यांतले काही कळत नसेल, तर हयातीतच निवडक नाणी प्रमाणित करून ठेवणेही शहाणपणाचे आहे. जो माणूस वर्षानुवर्षे अभ्यास करून, स्वतःच्या डोळ्यांनी ६४ आणि ६५ मधला फरक ओळखून संग्रह करतो, त्याच्याशीही माझा वाद नाही. तो आपल्या छंदाचे पैसे कुठे जातात हे जाणतो.

माझा वाद आहे तो न जाणणाऱ्याला विकण्याशी. सप्टेंबर २०२० मध्ये सीएफटीसी ही वायदे बाजारावर देखरेख करणारी केंद्रीय नियामक संस्था आणि तीस राज्यांचे नियामक यांनी मिळून मौल्यवान धातू विकणाऱ्या एका गटाविरुद्ध खटला भरला. तक्रारीनुसार किमान १,६०० लोकांकडून सुमारे १८.५ कोटी डॉलर घेतले गेले होते, त्यांतले बरेच लोक वृद्ध होते, पैसे निवृत्तीच्या शिलकीतून आले होते, आणि धातूच्या किमतीच्या कितीतरी वर आकारणी झाल्यामुळे खरेदी पूर्ण होताक्षणीच गुंतवणुकीचा मोठा भाग नाहीसा होत होता. असे खटले उभे राहतात तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून उपाय विक्रीच्या क्षणी हवा. निवृत्ती खात्यासाठी किंवा ठरावीक वयापुढील ग्राहकाला सोन्याचे नाणे विकणाऱ्या प्रत्येकाने बिलावर, ग्राहकाच्या सहीच्या वर, चार आकडे ठळकपणे छापावेत असे कायद्याने बंधन असले पाहिजे: नाण्यात नेमके किती ग्रॅम शुद्ध सोने आहे, त्या सोन्याची त्या दिवशीची किंमत किती, ग्राहक किती मोजतो आहे, आणि हेच नाणे याच दुकानाने आत्ता परत घेतले तर ते किती देईल. यातला कोणताही आकडा काढायला विक्रेत्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत, आणि प्रत खरोखर किंमत टिकवून ठेवत असेल तर चौथा आकडा लिहिताना त्याला अडचण येण्याचे कारण नाही.